अनंत अवकाशांतील हातचा



शाळेंत पहिली बेरीज शिकतांना गुरुजींनीं आपणां सर्वांस ‘हातचा एक’ धरावयास शिकविलें. २७ आणि १५ यांची बेरीज करतांना सात आणि पांच मिळून बारा झाले. दोन मांडले, एक हातचा घेतला, आणि उत्तर ४२ आलें. हातचा विसरणाऱ्याला ३२ मिळत, आणि वर छडीही मिळे! या क्षुल्लक हातच्यांत गणितांतील एक गहन विचार दडलेला आहे. त्याचा माग काढीत आज आपण अनंत मितींच्या अवकाशांपर्यंत जाऊं, आणि तो विचार तेथें कोठें अडतो तेंही पाहूं.

००पासून ९९पर्यंतच्या संख्या घ्या. प्रत्येकीचे दोन भाग आहेत : दशक आणि एकक. शंभरी आली कीं ती सोडून द्यावयाची, एवढा नियम ठेवा. आतां हातचा न धरतां बेरीज केली, तर कोणतीही संख्या दहा वेळां मिळविली असतां ००च येईल. हातचा धरला, तर ०१ दहा वेळां मिळवून १० येतील. भाग तेच, परंतु त्यांपासून झालेलीं अखंड रूपें दोन! तात्पर्य, तुकडे माहीत असले म्हणजे वस्त्र कळलें असें होत नाहीं. शिवणही कळावी लागते. अशा शिवणींचा पद्धतशीर हिशेब सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉंडर्स मॅकलेन यांनीं १९४२ सालीं मांडला. पुढें १९५६मध्यें आंरी कार्तां आणि आयलेनबर्ग यांच्या ग्रंथानें ‘होमॉलॉजिकल बीजगणित’ या नांवानें तो शास्त्रास पूर्ण रूप दिलें.

आतां दुसऱ्या शास्त्राकडे वळूं. पोलिश गणिती स्तेफान बानाख यांनीं १९३२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील दृष्टि अशी कीं, एक संपूर्ण अनंत क्रमिका, किंवा एक संपूर्ण फलन, हा अवकाशांतील एकच बिंदु मानावा, आणि अशा दोन बिंदूंतील अंतर मोजावें. मर्यादेबाहेर न जाणाऱ्या सर्व क्रमिकांचा असा एक अवकाश होतो. ज्यांची सीमा शून्य आहे अशा क्रमिका हा त्याचा एक भाग. हा भाग मोठ्या अवकाशांतून स्वच्छ वेगळा काढतां येईल काय? निव्वळ बीजगणित म्हणतें, येईल. येथें हातचा नाहींच. परंतु विश्लेषणाची एक अधिक अट आहे. मूळ बिंदु किंचित् हालला, तर त्यापासून काढलेला भागही किंचितच हालला पाहिजे. ही अट पाळून तो भाग वेगळा काढणें अशक्य आहे, हें राल्फ फिलिप्स यांच्या १९४०च्या संशोधनावरून सिद्ध झालें. जवळिकीचा विचार येतांच, नसलेला हातचा उत्पन्न झाला!

याहून नवल १९७५ सालीं घडलें. हिल्बर्टचा अवकाश हा भूमितीच्या दृष्टीनें सर्वांत सुबोध. एन्फ्लो, लिंडेनस्ट्राउस आणि पिझिए यांनीं दाखविलें कीं, असे दोन अवकाश जोडून जो अवकाश होईल तो हिल्बर्टचा असेलच असें नाहीं. १९७९मध्यें कॅल्टन आणि पेक यांनीं घातांकगणिताच्या, म्हणजे लॉगरिदमच्या, साह्यानें अशी शिवण उघड सूत्रांत लिहून दाखविली.

परंतु या रीतीलाही सीमा आहे. ती असें गृहीत धरते कीं, एका अवकाशांतून दुसऱ्यांत जातांना कांहीं लोपलें नाहीं आणि दुसऱ्यांत कांहीं शिल्लक उरलें नाहीं, तर दोन्ही अवकाश एकच समजावे. आतां १, १/२, १/३, १/४ ही क्रमिका पाहा. तिच्या पदांची बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते; पदांच्या वर्गांची बेरीज मात्र सांत राहते. म्हणून वर्गांची बेरीज सांत असणाऱ्या क्रमिकांच्या मोठ्या अवकाशांत ती आहे; चिन्हें सोडून पदांचीच बेरीज सांत असणाऱ्यांच्या लहान अवकाशांत नाहीं. तथापि तिचीं पहिलीं शंभर, हजार, लक्ष पदें ठेवून पुढें शून्यें लिहिलीं, तर लहान अवकाशांतील क्रमिका मिळतात, आणि त्या तिच्या हव्या तितक्या जवळ जातात. मग मोठ्यांतून लहान वजा केला तर शिल्लक किती? बीजगणित म्हणतें, पुष्कळ. जवळिकीचें माप म्हणतें, जें उरलें त्याचें शून्यापासून अंतर शून्य. तें माप मानलें तर कांहीं लोपलें नाहीं, कांहीं उरलें नाहीं, आणि तरीही अवकाश दोनच! हिशेब जुळत नाहीं.

डस्टिन क्लाउसेन आणि पीटर शोल्ट्झे यांनीं २०१८च्या सुमारास यावर नवा मार्ग काढला. बिंदूंवर जवळिकीचें माप लादण्याऐवजीं, कांहीं ठराविक साध्या अवकाशांतून आपल्या अवकाशांत येणाऱ्या सर्व संतत वाटांची नोंदवही ठेवावयाची. या वहींत वरील शिल्लक पुसली जात नाहीं. मात्र वास्तव संख्यांवरील अवकाशांसाठीं विशिष्ट ठिकाणीं सर्व हातचे शून्य असल्याचें सिद्ध करणें अवश्य होतें. शोल्ट्झे यांनीं सिद्धता लिहिली, पण ती इतकी गुंतागुंतीची कीं तिची पूर्ण खात्री त्यांना स्वतःलाच वाटेना. डिसेंबर २०२०मध्यें त्यांनीं ही शंका उघडपणें मांडली आणि संगणकाकरवीं सिद्धता पडताळण्याचें आवाहन केलें. योहान कोमेलिन यांच्या नेतृत्वाखालीं गणितज्ञांच्या एका गटानें तें कार्य जुलै २०२२मध्यें पूर्ण केलें. सिद्धता खरी ठरली.

जगन्मान्य गणितज्ञानेंही आपली बेरीज पुन्हां तपासून घ्यावी, यांत मला या शास्त्राचें मोठें भूषण दिसतें. शाळेंतल्या त्या गुरुजींचें सांगणें दुसरें काय होतें? उत्तर लिहिण्यापूर्वीं हातचा पाहा!