‘मानवत मर्डर्स’ मुलांना पाहू द्यावी का?

मागच्या व्याख्यानानंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सर, मुलगा दहावीत आहे. ‘मानवत मर्डर्स’ पाहायची म्हणतो. पाहू द्यावी का?” आज त्याचाच विचार करू.

आशिष बेंडे दिग्दर्शित ही मराठी वेब मालिका ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर आली. परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथं 1972 ते 1974 या काळात लहान मुलींचे आणि स्त्रियांचे खून झाले. गुप्तधनासाठी दिलेले ते नरबळी होते, असं तपासातून पुढं आलं. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर ही मालिका बेतलेली आहे.

पहिली गोष्ट वयाची. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा मालिकांवर 7, 13, 16 वर्षं किंवा केवळ प्रौढांसाठी, असा शिक्का असतो. तो आधी पाहा. पण शिक्का फक्त वय सांगतो. मूल काय घेऊन उठेल, हे सांगत नाही.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत खून काय कमी होतात? मुलं रात्रभर पाहतात. पण शेजारी आजी असते, मामा असतो. भीती वाटली तर हात धरता येतो, प्रश्न पडला तर तिथंच विचारता येतो. मोबाईलवर मूल एकटं असतं, कानात हेडफोन घालून.

आणि प्रश्न कोणता पडतो, तेही महत्त्वाचं. रहस्यकथा आपल्याला ‘कुणी केलं?’ एवढंच विचारायला लावते. खुनी सापडला की आपण सुटलो! पण इथं खरा प्रश्न ‘लोकांनी हे खरं कसं मानलं?’ हा आहे. तो विचारला नाही, तर मुलाच्या मनात दोनच गोष्टी उरतात: रक्त, आणि आरोपींपैकी काही ज्या पारधी समाजाचे होते, त्या सगळ्या समाजाबद्दलचा संशय. इंग्रजांनी जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पारधीही होते. तो कायदा 1952 साली गेला, संशय अजून गेलेला नाही.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. म्हणजे ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि ती जशीच्या तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, त्याचा. याच खटल्यात 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं माफीच्या साक्षीदाराबद्दल हाच मुद्दा तपासला: तो स्वतः गुन्ह्यातला भागीदार, म्हणून त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा. मांत्रिकाच्या शब्दाला कुणी असा आधार मागितला असता, तर?

हे जुनं झालं, असं म्हणू नका. मे 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात, जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जाळून मारलं गेलं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. तरी हे घडलं.

म्हणून माझं उत्तर असं: सोळाच्या आत नको. त्यानंतर दाखवा, पण सोबत बसून. प्रत्येक भाग संपल्यावर मुलाला एकच विचारा, “हे खरं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? आणि त्यांनी पुरावा का मागितला नाही?”

मग मुलगा तुम्हालाही पुरावा मागेल. मागू द्या.