एक फाउल आणि अख्खं वर्ष : शालेय खो-खोचा हंगाम

ऑगस्ट उजाडला की आमच्या मिरकरवाड्यात दोन हंगाम सुरू होतात. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते आणि समुद्राचा अंदाज घेत बोटी बंदराबाहेर पडतात. दुसरीकडे पावसाने जरा उघडीप दिली की शाळेच्या मैदानावर खो-खोचे खांब उभे राहतात. पहिल्या हंगामाबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज दुसऱ्याबद्दल.

शालेय स्पर्धा म्हणजे जिना आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. आणि तिथून महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला. गट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलं-मुली वेगळे. रत्नागिरी जिल्ह्यात ९ तालुके. जिल्हा जिंकलात की कोल्हापूर विभाग, म्हणजे समोर कोल्हापूर, सांगली, सातारा, सिंधुदुर्गचे तगडे संघ. सामने बहुतेक बाद पद्धतीचे. हरलात की पुढच्या ऑगस्टपर्यंत घरी. आणि तोवर वय उलटलं, तर त्या गटात पुन्हा नाहीच.

आता खेळाकडे या. आठ जण मधल्या पट्टीत, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेले. नववा पाठलागावर. समोर एका वेळी तीन पळणारे. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून कसंही जाता येतं. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. मग पलीकडे जायचं कसं? बसलेल्याला पाठीमागून हात लावून 'खो' द्यायचा. म्हणून म्हणतो, खो-खो पळणाऱ्यांचा दिसतो, पण तो जिंकतात बसलेले. कान मागे, पाय तयार, आणि तरीही खो मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही.

हे मी फुकट शिकलो नाही. आठवीत जिल्ह्याच्या सामन्यात मी शेवटून दुसरा बसलो होतो. मिनिटभर उरलेलं, बरोबरीला एक गडी हवा होता. पळणारा माझ्या समोरून गेला आणि मी खो मिळायच्या आधीच उठलो. शिट्टी! फाउल झाला की उलट दिशेला जावं लागतं, तेवढ्यात तो निसटला. एका गुणाने हरलो. बाबा बोटीवरून परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "जाळं लवकर ओढलंस रे."

आमच्या संघात दहावीची पोरं नव्हती म्हणून बरं. कारण वरच्या गटात प्रश्न फक्त ढालीचा नसतो. जिल्ह्याच्या पुढे मजल मारली, तर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळू शकतात. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याची पात्रताही वरच्या पायऱ्यांवरच ठरते. बंदरावरच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. त्या वेळी टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या. पण तालुक्याच्या सामन्याला बघायला किती जण असतात? पंच, सर आणि दोन-चार पालक.

तर या वर्षी एक सामना बघाच. नजर पळणाऱ्यावर नको, बसलेल्यांवर ठेवा. भेटू पुढच्या भागात!