एक्स्चेंज फुकटचे, पण कार्ड पासिंगचे



आपल्यापैकी बरेचजण गावच्या सोसायटीत, दूध संस्थेत, पतसंस्थेत नाहीतर शाळेच्या कमिटीवर काम करतात. तिथे हल्ली एक विषय निघतो. ऑफिसात टेबले दहा, बाहेरच्या लाईनी दोन. मधले एक्स्चेंज विकत घ्यायचे तर खर्च फार. मग एखादा हुशार पोरगा म्हणतो, "त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं की! जुना कॉम्प्युटर द्या, जोडून देतो." पोरगा खोटे बोलत नाही. पण ते निम्मेच झाले. उरलेले निम्मे आम्ही सांगतो.

या सॉफ्टवेअरचे नाव ॲस्टरिस्क. अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाने १९९९ साली ते लिहिले. त्याच्या लहानशा धंद्याला तयार एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्याने कॉम्प्युटरलाच एक्स्चेंज बनवले आणि ते सर्वांना खुले केले. जिम डिक्सन यांनी टेलिफोनची लाईन कॉम्प्युटरला जोडणारे कार्ड तयार केले व त्याचा आराखडाही उघडा ठेवला. आपल्या कामाला त्यांनी नाव दिले झापाटा. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून मेक्सिकोत लढलेल्या पुढाऱ्याचे हे नाव. ही चाल आपल्या सहकाराच्या जवळचीच आहे.

आता पेच कुठे आहे ते पाहू. सॉफ्टवेअर आपल्या खोलीत चालते; कार्ड मात्र सर्वांच्या लाईनीला हात लावते. त्या तारेत ४८ व्होल्टचा दाब असतो, घंटी वाजताना तो आणखी चढतो. कार्ड कच्चे असेल तर आवाज घुमतो, समोरच्याने फोन ठेवला तरी लाईन अडकून राहते. जास्तीची वीज उलटी तारेत शिरली तर खांबावरच्या लाईनमनच्या जिवाशी गाठ. शिवाय प्रत्येक देशाच्या लाईनीचे माप वेगळे. परदेशात पास झालेले कार्ड इथे पास झाले असे होत नाही.

वजनकाटा संस्थेचा असला तरी वैधमापन खात्याच्या शिक्क्याशिवाय आपण त्यावर उसाची गाडी चढवत नाही. हेही तसेच. २०१७ साली केंद्र सरकारने दूरसंचार यंत्रांची तपासणी सक्तीची करणारे नियम केले. टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटर, म्हणजे टेक, हे प्रमाणपत्र देते. १ ऑक्टोबर २०१९ पासून ही सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली.

तेव्हा खरेदीच्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात:

१) टेकचे प्रमाणपत्र मागावे. त्यावरचे मॉडेल आणि बिलावरचे मॉडेल एकच आहे ना, हे ताडून घ्यावे.

२) कार्ड ॲस्टरिस्कशी जुळते का ते विचारावे. कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचे जुने नाव झॅपटेल. २००८ पासून ते दाहदी झाले. कार्ड त्याला ओळखता आले पाहिजे.

३) बाहेरची लाईन एफएक्सओ तोंडाला आणि आतला फोन एफएक्सएस तोंडाला जोडावा. उलट जोडल्यास कार्ड जळू शकते.

वाचलेले पैसे सभासदांचेच असतात, आणि ऐन हंगामात फोन मुका झाला, तोडीचा निरोप चुकला, तर फडात वाळणारा ऊसही सभासदांचाच. म्हणून कमिटीत खरेदीचा ठराव लिहिताना "टेक प्रमाणपत्रासह" हे दोन शब्द घालण्यास विसरू नये, ही नम्र विनंती.