टेप करा, वाटा, फक्त विकू नका

ग्रेटफुल डेड या बँडचं एकच गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोहोचलं, आणि तेही बँड सुरू होऊन बावीस वर्षं उलटल्यावर. १९८७ सालचं ‘टच ऑफ ग्रे’, नववा क्रमांक. हिट गाण्यांवर पोट भरणाऱ्या धंद्यात याला अपयशच म्हणायला हवं. पण १९९०नंतरच्या पाच वर्षांत अमेरिकेत दौऱ्यांतून सर्वाधिक कमाई करणाऱ्यांत हा बँड होता. हिट गाणी नव्हती आणि स्टेडियम भरत होती. त्याचं कारण, या मंडळींनी गाणं पक्कं करून विकण्याचं कधी फारसं मनावरच घेतलं नाही.

सुरुवात १९६५ची, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पालो आल्टोची. वाद्यांच्या दुकानात शिकवण्या घेणारा, बँजोत मुरलेला जेरी गार्सिया, शाळकरी वयाचा बॉब वीअर, ब्लूज गाणारा ‘पिगपेन’ आणि ड्रमर बिल क्रॉइट्झमन. थोड्याच दिवसांत फिल लेश आला. तो मूळचा ट्रम्पेटवाला, आधुनिक संगीतरचना शिकलेला. बास गिटार त्याने बँडमध्ये आल्यावरच हाती घेतली. लेखक केन कीझीच्या ‘अ‍ॅसिड टेस्ट’ पार्ट्यांमध्ये हे लोक वाजवत. ‘अ‍ॅसिड’ म्हणजे एलएसडी हे नशेचं द्रव्य, आणि ते तेव्हा कॅलिफोर्नियात बेकायदा नव्हतं. त्या धुंदीच्या कथा पुष्कळ सांगून झाल्या आहेत. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते : तिथे कार्यक्रम असा नव्हताच. वाजवावंसं वाटलं तर वाजवायचं, रंगलं तर तासभर एकाच गाण्यात राहायचं, नाही जमलं तर थांबायचं. ती सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

तीस वर्षांत त्यांनी २३००हून अधिक कार्यक्रम केले. गाण्यांचा क्रम रोज वेगळा, एका गाण्यातून दुसऱ्यात कधी शिरायचं ते मंचावरच ठरे. रोज जोखीम घ्यायची म्हणजे पडायचंही, आणि ते भरपूर पडले. वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात ओल्या मंचावर विजेचे झटके खात त्यांनी जे वाजवलं, ते वाईट होतं हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केलं. स्टुडिओत त्यांचा हात फारसा बसलाच नाही. १९७०चे ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ हे दोन नितळ अल्बम सोडले, तर मी तरी नवख्याला मैफलच ऐकायला सांगेन.

तालाच्या अंगाने या बँडचा एक धागा थेट मुंबईला येतो. १९६७ साली दुसरा ड्रमर म्हणून आलेला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला. पुढे माहीमचा तरुण झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँच्या संगीत विद्यालयात शिकवू लागला, आणि मिकी-झाकीर यांच्या मैत्रीतून १९७६चा ‘दिगा’ हा अल्बम आला. त्यातल्याच एका रचनेचं पुढे ग्रेटफुल डेडचं ‘फायर ऑन द माउंटन’ हे गाणं झालं.

आवाजाचं वेड तर घर बुडवणारं होतं. १९७४ साली त्यांनी ‘वॉल ऑफ साउंड’ उभारली : सुमारे सहाशे स्पीकरांची, साधारण ७५ टनांची भिंत, वादकांच्या पाठीमागे. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर, त्यामुळे आवाज एकमेकांत कालवत नव्हता. पण स्पीकर मागे आणि माइक पुढे म्हणजे भिंतीचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजणारच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या जोडणीने लावले. दोन्हींत सारखा शिरणारा भिंतीचा आवाज एकमेकांना मारत असे आणि ज्या एकात गायक गाई, तेवढं उरत असे. ऐकायला अप्रतिम, वाहून न्यायला भयंकर. त्या खर्चाने दमून वर्षअखेरीस त्यांनी दौरेच थांबवले. पुन्हा नियमाने बाहेर पडले ते १९७६ साली, भिंतीविना.

इतका स्वच्छ आणि रोज नवा आवाज ऐकल्यावर तो टिपावासा वाटणारच. प्रेक्षकांत माइकच्या काठ्यांचं रान उगवलं, ध्वनियंत्रकाला मंच दिसेना. दुसऱ्या बँडनी माणसं हाकलली असती. यांनी ऑक्टोबर १९८४मध्ये बर्कलीत ध्वनियंत्रकाच्या मागे या टेप करणाऱ्या ‘टेपर्स’साठी रीतसर जागाच काढली. अट एकच : टेप वाटा, अदलाबदल करा, पैसे घेऊ नका. आपल्याकडेही खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं रसिकांत फिरली, पण बरीचशी कपाटात, ओळखीवर आणि उपकारावर. इथे अनोळखी माणूस टपालाने कोरी कॅसेट पाठवी आणि भरलेली परत येई. मैफल फुकट मिळू लागली, तशी तिकिटांची रांग वाढत गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातला ८ मे १९७७चा कार्यक्रम अशाच हातोहात फिरलेल्या टेपांवर दंतकथा झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०११च्या यादीत तो घेतला.

एकुलत्या हिट गाण्याने मात्र घोळ केला. त्याने ओढून आणलेली, तिकिटाविना पार्किंगमध्ये जमणारी गर्दी आवरेना. जुलै १९९५मध्ये इंडियानात कुंपण पाडून लोक आत घुसले, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. ९ ऑगस्टला गार्सिया गेला, वय ५३. उरलेल्यांनी त्या वर्षअखेरीस ‘ग्रेटफुल डेड’ हे नाव थांबवलं आणि पुढे वेगवेगळ्या नावांनी वाजवत राहिले.

या ध्वनिमुद्रणांची मालकी कोणाची, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. नोव्हेंबर २००५मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावरची बँडची हजारो ध्वनिमुद्रणं उतरवून घेण्याची सोय बँडच्या बाजूने बंद झाली. चाहते खवळले, बहिष्काराची भाषा सुरू झाली. काही दिवसांतच तडजोड झाली ती अशी : प्रेक्षकांनी टिपलेलं पूर्वीसारखं उतरवून घ्या, ध्वनियंत्रकाच्या टेबलावरून आलेलं मात्र तिथेच ऐका. ही वाटणी आजही तशीच आहे.