चार पक्षी ओळखणाऱ्याची नोंद

‘चिमणी, कावळा, साळुंकी, बुलबुल, एवढेच ओळखता येतात. मी काय पक्षिगणना करणार?’ स्वयंसेवक हवेत म्हटलं की हे हमखास ऐकू येतं. पण दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ची अट साधी आहे. किमान 15 मिनिटं पक्षी बघायचे आणि जेवढे ओळखता आले तेवढे सगळे आकड्यासह लिहायचे. घराची गच्चीसुद्धा चालते. 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात 942 जातींचा आढावा आहे, आणि तो उभा आहे 30 हजारांवर पक्षिनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर.

दुर्मीळ पक्षी दिसला तरच नोंद कामाची, हाही गैरसमजच. शेतावरच्या तारेवर बसणारा नीलपंख कुणाला दुर्मीळ वाटेल? तरी या अहवालाने त्याला मोठी घट झालेल्या जातींत धरून धोक्याची पातळी नव्याने तपासावी असं सुचवलं. ही घट कळली ती रोजच्या साध्या याद्यांमुळे. ज्या यादीत नीलपंख नाही, तीही इथे पुरावा ठरते. उलट ‘चिमणी संपली’ असं आपण सहज म्हणतो. 2020 च्या अहवालात मात्र देशभरात तिची संख्या साधारण स्थिर दिसली, घट दिसली ती महानगरांत.

‘माझी ओळख चुकली तर?’ ही भीती मी समजू शकतो. चूक होतेच, वेगळी वाटणारी नोंद जाणकार तपासतात, फोटो मागतात, विचारतात. घात होतो तो जाणूनबुजून केलेल्या खोट्या नोंदीने. आपल्या खानदेशातला रानपिंगळा 1884 नंतर शास्त्रज्ञांना सापडतच नव्हता. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांनी संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना 1914 साली गुजरातेत मिळाल्याचं दाखवलं होतं, त्यामुळे शोध भलत्याच जागी गेला. हा बनाव उघड झाल्यावर पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला.

तेव्हा संध्याकाळी झाडावर काही बसलेलं दिसलं आणि नक्की कळलं नाही, तर ‘पिंगळा, कोणता ते ओळखता आलं नाही’ एवढंच लिहा.