पाणंदीची गाडी : लहान ट्रेलर गावच्या दुकानात कसा बांधून घ्यावा

शेतमालाच्या वाहतुकीची गोष्ट निघाली की आपले लक्ष बहुधा सडकेकडे आणि बाजाराकडे जाते. परंतु पुष्कळ ठिकाणी मालाची नासाडी होते व मजुरीचा पैसा जिरतो, तो शेताचा बांध आणि डांबरी सडक यांच्यामधील अर्ध्या-पाऊण मैलाच्या पाणंदीत. पावसाळ्यात खताची गाडी आत जात नाही व काढलेला माल बाहेर येत नाही. बैलजोड्या कमी झाल्या आणि त्यांच्या जागी लहान ट्रॅक्टर आले. पण बाजारात तयार मिळणारे बहुतेक ट्रेलर सडकेसाठी व मोठ्या ट्रॅक्टरसाठी बांधलेले असतात. ते पाणंदीत शिरले तर वळत नाहीत, आणि रुतले तर निघत नाहीत. म्हणून गावच्या वेल्डिंगच्या दुकानातून लहान ट्रेलर बांधून घेण्याचा प्रघात पडला आहे. तो कसा बांधावा याविषयी सभासदांकडून वारंवार विचारणा होते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे की, ही गाडी मालाच्या मापाने न बांधता वाटेच्या मापाने बांधावी. आणि तीत किती भरावयाचे, हे ट्रॅक्टर किती ओढतो यावरून न ठरविता तो उतारावर किती थोपवू शकतो यावरून ठरवावे. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टींतून निघालेल्या आहेत.

एक जुना नमुना

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या जीपगाडीमागे जोडण्यासाठी एक दुचाकी ट्रेलर तयार करण्यात आला. बॅन्टम व विलिस या कारखान्यांनी १९४१ नंतरच्या वर्षांत तो हजारोंच्या संख्येने बनविला. आडवाटेच्या वाहतुकीस तो आजही कित्ता म्हणून घेण्याजोगा आहे. त्याची चाके व टायर जीपचेच, म्हणजे ६.००-१६ मापाचे होते. त्यामुळे एकच जादा चाक दोहोंस चाले. दोन चाकांमधील अंतरही जीपइतकेच असल्याने ट्रेलर जीपच्याच चाकोरीतून चाले व त्यास नवी वाट फोडावी लागत नसे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तो 'पाव टनी' म्हणून ओळखला जाई, आणि अमेरिकन पाव टन म्हणजे ५०० पौंड, सुमारे २२७ किलो. ओढणारी जीप स्वतः टनाहून जड असताना वाईट वाटेवरचा भार एवढाच धरला होता. आपल्याकडे पाऊण टनाच्या ट्रॅक्टरमागे दीड टन भरण्याची जी सवय आहे, तिच्याशी हे ताडून पाहावे.

प्रथम वाट मोजावी

लोखंड विकत घेण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन वाट एकदा पायी चालावी. सर्वांत अरुंद जागा किती फुटांची आहे, मधला दगड किंवा उंचवटा चाकोरीपासून किती वर आहे, आणि सर्वांत आखूड वळण कोणते, हे लिहून घ्यावे. चढ मोजण्यासाठी १० फुटांची सरळ फळी जमिनीवर ठेवून तिचे खालचे टोक पाणसळ लावून समपातळीत येईपर्यंत उचलावे. ते टोक जमिनीपासून १ फुटाहून अधिक वर आले, तर ती वाट ओझ्याच्या दृष्टीने कठीण समजावी. काळ्या जमिनीत चिखल चाकाभोवती बसतो, तेव्हा चाक व साटा यांमध्ये पुरती मोकळी जागा हवी. कोकणात जांभ्याच्या पायऱ्या व मोकळे धोंडे असतात; तेथे आस उंच असणे अधिक जरुरीचे.

साटा, आस व चाके

सुमारे ८०० किलो वजनाच्या लहान ट्रॅक्टरसाठी ६ फूट लांब, साडेतीन फूट रुंद व सव्वा फूट उंच साटा पुरेसा होतो. तो चाकांच्या वर न बसविता दोन चाकांच्या मध्ये बसवावा. वर बसविल्यास रुंदी वाढते हे खरे. पण बूड अडीच फुटांहून वर जाते, आणि एक चाक दगडावर चढताच गाडी कलंडते. मध्ये बसविल्यास बूड वीस-बावीस इंचांवर राहते. या रचनेत दोन चाकांचे मध्यांतर सुमारे ५२ इंच व बाहेरची एकूण रुंदी पाच फुटांच्या आत येते. ट्रॅक्टरची मागची चाके आतबाहेर सरकविता येत असतील, तर त्यांचे अंतर ट्रेलरच्या चाकोरीच्या जितके जवळ आणता येईल तितके आणावे.

आसेसाठी ५० मिलिमीटरची भरीव चौकोनी सळई, तिच्या टोकांना तयार हब व निमुळते बेअरिंग, ही रचना साधी व भरवशाची होय. भंगारातील जीपची मागची आस स्वस्त मिळते. परंतु तिच्या मधला दंतचक्रांचा गोळा खाली लोंबतो व नेमका उंचवट्यावर आपटतो, शिवाय तिचे वजन फुकट ओढावे लागते. सरळ आस व ६.००-१६ चे टायर घेतले म्हणजे आसेखाली सुमारे एक फूट मोकळी जागा मिळते. आस सांगाड्यास वेल्डिंगने चिकटवू नये. कठीण पोलाद तापवून झटकन थंड झाले की ठिसूळ बनते व वेल्डिंगच्या कडेस तडकते. आस यू-बोल्टने आवळून बसवावी. पुढे ती मागेपुढे सरकवावी लागली तर त्यानेच सोय होते. शेतातील मंद चालीस कमानी अवश्य नाहीत. त्यांनी साटा उंच होतो व झुलतो. धक्का सोसण्याचे काम टायरवर सोपवावे आणि त्यात हवा ठासून भरू नये.

सांगाडा व जोडकडी

ट्रेलर ओझ्याने क्वचितच मोडतो. तो पिळाने मोडतो. डावे चाक खड्ड्यात व ट्रॅक्टरचे उजवे चाक धोंड्यावर, अशा वेळी सांगाडा ओल्या कपड्यासारखा पिळला जातो. तडा बहुधा एकाच ठिकाणी जातो, तो म्हणजे दांडी साट्याच्या पुढच्या कडेला मिळते तेथे. यास्तव दांडी वेगळी करून जोडू नये. ७५ बाय ४० मिलिमीटरचे दोन चॅनेल साट्याच्या मागच्या टोकापासून निघून, पुढे एकमेकांकडे वळत, जोडकडीशी मिळावेत. वाकविण्याच्या जागी त्रिकोणी पत्र्याचा आधार द्यावा. मुख्य चॅनेलच्या खालच्या पट्टीवर आडवे वेल्डिंग करू नये; आडवे तुकडे चॅनेलच्या उभ्या अंगास जोडावेत. साट्याच्या पुढच्या कडेपासून कडीपर्यंत साडेचार फूट अंतर ठेवले म्हणजे आखूड वळणावर ट्रॅक्टरचे चाक साट्यास घासत नाही. तरीही पहिल्या दिवशी रिकामी गाडी दोन्ही बाजूंस पुरती वळवून खात्री करून घ्यावी.

पिळावरचा दुसरा उपाय म्हणजे फिरती कडी. कडीचा दांडा घट्ट वेल्ड न करता जाड नळीतून आरपार घ्यावा, मागे नट लावून त्यात आडवी पिन घालावी, आणि नळीत वंगण भरण्याची सोय ठेवावी. मग ट्रॅक्टर एका अंगास व ट्रेलर दुसऱ्या अंगास कलला तरी कडी आपल्या जागी फिरते व सांगाड्यास पीळ बसत नाही. एवढा एक भाग दुकानदार हमखास गाळतो. तो गाळू देऊ नये. जोडपिनीस लॉकपिन असावी व खाली दोन साखळ्या फुलीसारख्या बांधाव्यात, म्हणजे पिन निसटली तरी दांडी जमिनीत घुसत नाही.

कडी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यासच जोडावी. ती मागच्या आसेच्या पातळीवर किंवा तिच्याही वर कोठे अडकविली, तर चढावर जोर लागताच ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात व तो चालकाच्या अंगावर उलटतो. या अपघातात सावरण्यास वेळ मिळत नाही.

उलाळ आणि धुरजड

बैलगाडी हाकणाऱ्यास हे दोन शब्द सांगावे लागत नाहीत. मागे ओझे झाले की गाडी उलाळ होते, पुढे झाले की धुरजड. बैलांच्या मानेला जे कळे, ते ट्रॅक्टरचा चालक बसल्या जागी ओळखू शकत नाही, म्हणून ते मोजून ठरवावे. उलाळ ट्रेलर ट्रॅक्टरचे मागचे अंग वर उचलतो व चाकांची पकड नेमकी चढउतारावर जाते. फार धुरजड झाल्यास पुढची चाके हलकी होऊन ट्रॅक्टर वळविल्याप्रमाणे वळत नाही. एकूण वजनाचा दहावा भाग किंवा किंचित अधिक कडीवर यावा. वर दिलेल्या मापात आस साट्याच्या मध्यापासून ८ ते १० इंच मागे ठेवल्यास हे साधते. भरलेल्या गाडीची कडी एकदा तोलकाट्यावर टेकवून ७५ ते १०० किलो भरते की नाही ते पाहावे, आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडावे.

ओझ्याची रेघ

आता भाराचा हिशेब. ब्रेक नसलेला भरलेला ट्रेलर ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड नसावा, असा इशारा कारखान्यांच्या पुस्तिकांत आढळतो. आमच्या मते डोंगरी व निसरड्या वाटेवर तो ट्रॅक्टरच्या बरोबरीनेही पुरेसा आहे. ८०० किलोंतून ट्रेलरचे स्वतःचे सुमारे २७० किलो वजा केले म्हणजे मालास ५३० किलो उरतात. या साट्याचे घनफळ २६ घनफूट, म्हणजे पाव ब्रासहून थोडे अधिक. त्यात शेणखत काठोकाठ भरले तर ते ५०० किलोंच्या आसपास जाते व चालते. तेवढ्याच जागेत पाणी भरले तर ७४० किलो, आणि ओली वाळू भरली तर सव्वा टनाहून अधिक होते! डोळ्यांस साटा तोच दिसतो, ओझे मात्र अडीचपट. म्हणून साट्याच्या आत बुडापासून ६ इंचांवर तांबडी रेघ मारावी व वाळू, मुरूम, माती यांसाठी तीच शीग मानावी. उतार दहास एकहून अधिक असेल, तर तेथेही अर्ध्याच मापाने भरावे.

उतारास लागण्यापूर्वी खालचा गिअर घालावा. मध्येच क्लच दाबू नये व गाडी मोकळी सोडू नये. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक एकमेकांस अडकवूनच वापरावेत; एकच लागला तर मागचा भार ट्रॅक्टरला आडवा फिरवितो. दोन लाकडी पाचरी सांगाड्यास साखळीने टांगून ठेवाव्यात, आणि कडी सोडण्यापूर्वी त्या चाकांखाली घालाव्यात व दांडीखाली टेकू लावावा.

माणसे बसवू नयेत

हा ट्रेलर मालासाठी आहे. सायंकाळी दमलेले मजूर त्यातून घरी येतात, हे आम्ही जाणतो. पण शेतवाटेला विहिरी असतात, कठडे नसतात, आणि साट्यात धरावयास काही नसते. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात मजूर स्त्रियांना कामावर नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून सात जणी मृत्यू पावल्या. त्या घरांचे नुकसान कोणत्याही हंगामाने भरून येणार नाही. कामावरच्या माणसांना आणण्या-नेण्याची वेगळी सोय करणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर येतो. तेव्हा नोंदणीवाचून तो सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. घरी बांधलेली गाडी सडकेवर न्यावयाची असेल, तर लोखंड कापण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारणा करावी. बांधून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. मागच्या फाळक्यावर तांबडे परावर्तक शेतातल्या गाडीसही लावावेत.

शेवटी खर्चाविषयी. काटकसर करावयाची तर ती रंगात व बाजूच्या फळ्यांत करावी. बूड तीन मिलिमीटरच्या पत्र्याचे असावे व खताचे पाणी निघून जाण्यास त्यास चार भोके ठेवावीत. बेअरिंग, फिरती कडी, पिन व साखळ्या मात्र नव्या व उत्तम घ्याव्यात. पहिल्या आठवड्यात रोज सायंकाळी यू-बोल्ट आवळावेत व दांडीच्या सांध्यांवरून ओले फडके फिरवून तडा दिसतो का ते पाहावे. पुढे महिन्यातून एकदा केले तरी चालेल. एकाच पाणंदीवरील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून असा एक ट्रेलर बांधला, तर खर्च वाटला जातो व वाट दुरुस्त ठेवण्याची गरजही सर्वांस सारखीच पटते. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी हे काम हाती घ्यावे, अशी आमची सभासदांस सूचना आहे.