काचेवर ओरखडा कुणाचा?

बाणेरचा नवा फ्लॅट, सातवा मजला. पझेशन मिळालं त्याच आठवड्यात मी क्लीनिंगवाल्यांना बोलावलं. दोन मुलं आली, दुपारपर्यंत काचा चकाचक! पण संध्याकाळी तिरपं ऊन आलं आणि बाल्कनीच्या स्लायडिंगवर बारीक ओरखड्यांचं जाळंच दिसलं. माझं डोकं सटकलं. लगेच सुपरवायझरला फोन. ‘पोरांच्या पगारातून कापतो मॅडम,’ तो इतक्या सहज म्हणाला, की मीच गप्प.

दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण आला. वाद घातला नाही. ड्राय बाल्कनीतली एक खिडकी काल राहिली होती, ती त्याने भरपूर पाण्याने धुतली, मऊ कापडाने टिपली. तिच्यावरही तसेच ओरखडे! ‘ताई, हे प्लास्टरच्या वेळचे.’

वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सच्या मापावर 7, काच साधारण साडेपाच. बांधकामात कुणी कोरडं फडकं मारलं, की संपलंच. वर धूळ असेपर्यंत काही दिसत नाही. काच स्वच्छ होते आणि नाव येतं पुसणाऱ्यावर.

चुका त्यांच्याही होतात म्हणा. कोरड्या काचेवर पातं चालवतात. टफन्ड काचेवर तर भट्टीतले बारीक कण चिकटलेले असू शकतात. ते पात्याखाली घासत जातात.

हा मुलगा आता काम सुरू करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून मालकाला दाखवतो. तुम्हीही काढा.

पगार कापू नका, असं मी सुपरवायझरला सांगितलं. ‘बघतो,’ म्हणाला. उद्या परत फोन करणार आहे. बिल्डरला मेल टाकलाय.